स्कंदरबेगच्या मागावर: अल्बानियातली पदकं

पहिला दिवस : तिराना

लष्करी पदकं जमवणाऱ्यांत अल्बानियाकडे वळणारे थोडेच. ब्रिटिश पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा सैनिकाचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून माणूस शोधता येतो. अल्बानियाचं पदक आपल्याकडे आलं, तर त्याच्याबरोबर ना कागद येतो, ना माणसाचा पत्ता.

मी या वाटेला लागलो तो इटलीमुळे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी दुसऱ्या महायुद्धात आधी एरिट्रियात केरनला आणि पुढे खुद्द इटलीत लढल्या. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांमधून अधूनमधून इटालियन वस्तू निघतात. पुण्याच्या जुन्या बाजारात मला असंच एक पदक मिळालं : 1939 च्या अल्बानिया मोहिमेसाठी इटलीने काढलेलं स्मृतिपदक. एक अख्खा देश गिळला, त्याची ही आठवण. मग त्या गिळलेल्या देशाची स्वतःची पदकं कशी होती हे बघायला लागलो आणि एका नावापाशी अडकलो. ‘ऑर्डर ऑफ स्कंदरबेग’, ऑटोमन तुर्कांशी लढलेल्या एका अल्बानियन सरदाराच्या नावाचा सन्मान. तेव्हाचा अल्बानियाचा राष्ट्राध्यक्ष अहमद झोग याने 1925 मध्ये तो सुरू केला. इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने देश बळकावल्यावर 1940 मध्ये तोच नव्याने घडवला. कम्युनिस्टांनी 1945 मध्ये त्याच नावाचा आपला काढला. आजच्या प्रजासत्ताकातही तो आहे. एकमेकांना देशद्रोही ठरवणाऱ्या राजवटींनी आपापल्या माणसांच्या छातीवर एकाच माणसाचं नाव लावलं, हे मला नीट बघायचं होतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईहून इस्तंबूलमार्गे तिरानाला उतरलो. विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्या स्कोप्येला जन्मल्या, पण घराणं अल्बानियन. टॅक्सीवाल्याने ‘इंडिया’ ऐकल्याबरोबर त्यांचंच नाव घेतलं आणि सामान स्वतः उचलून डिकीत ठेवलं. भाड्यात मात्र काही सूट मिळाली नाही.

संध्याकाळी स्कंदरबेग चौकात जाऊन बसलो. मध्यभागी घोड्यावरचा स्कंदरबेग, 1968 साली, त्याच्या मृत्यूला 500 वर्षं झाली तेव्हा उभारलेला. म्हणजे पुतळा कम्युनिस्टांचा. पंधराव्या शतकातला सरदार, कॅथलिक राजांचा मित्र, आणि त्याचा पुतळा उभारणाऱ्यांनी आदल्याच वर्षी देशातल्या सगळ्या मशिदी-चर्चना कुलपं घातलेली. चौकाच्या कडेची एतहेम बे मशीद त्यातून कशीबशी वाचली, कारण ती इमारत म्हणून जपण्यासारखी होती.

दुसरा दिवस : संग्रहालय आणि नवा बाजार

राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालय 1981 चं. दर्शनी भागावर भलं मोठं मोझेक आहे : प्राचीन इलिरियन योद्ध्यांपासून बंदूक उंचावलेल्या स्त्रीपर्यंत सगळे एका ओळीत पुढे निघालेले. तिच्यामागे एके काळी तारा होता, राजवट पडल्यावर तो काढला. आत फॅसिस्टविरोधी लढ्याच्या दालनात मी सकाळ घालवली.

तिथे सगळ्यात जास्त भेटतात ते ‘हीरो ऑफ द पीपल’ किताबाचे मानकरी, आणि त्यांतले कितीतरी मरणोत्तर. वोयो कुशी घ्या. 10 ऑक्टोबर 1942 ला तिरानातल्या एका घरात तो आणि त्याचे दोन साथीदार इटालियन सैन्याच्या वेढ्यात सापडले. तासन्‌तास लढल्यावर शेवटी तो बाहेर पडून थेट रणगाड्यावर चढला आणि तिथेच मारला गेला. त्याला अल्बानियाने हा किताब दिला आणि युगोस्लाव्हियानेही आपल्याकडचा तसाच किताब दिला. पुढे 1948 मध्ये दोन्ही देश एकमेकांचे शत्रू झाले, पण मेलेल्याचे दोन्ही किताब कायम राहिले.

संग्रहालयं बघणाऱ्या संग्राहकाचं एक जुनं दुखणं आहे. त्याला बघायची असते पदकाची मागची बाजू : पिन आहे की स्क्रू, नटावर कारखान्याचा शिक्का आहे का, मीना उडालाय तिथे खाली कोणता धातू दिसतो. काचेच्या पेटीत पदक कायम तोंड वर करून झोपलेलं असतं.

मागच्या बाजू बघायला मिळाल्या दुपारी, पझारी इ री म्हणजे नव्या बाजारात. भाजी, ऑलिव्ह आणि तंबाखूच्या गाळ्यांच्या कडेला जुन्या वस्तूंची टेबलं लागतात. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाचे बिल्ले, नोटा, गॅस मास्क, कॅमेरे, आणि शेंगदाण्यासारखी डब्यात भरलेली पदकं. एका टेबलामागे सत्तरीतले एक गृहस्थ होते. त्यांना इटालियन येत होतं, मला कामापुरतं. त्यांच्या नातवाला इंग्रजी. तेवढ्यावर आमचं भागलं.

मी एक कम्युनिस्ट काळातलं शौर्यपदक उचललं. आजोबा म्हणाले, “वीस हजार.” मी चपापलो नाही, कारण ही गंमत आधी वाचून गेलो होतो. अल्बानियाने 1965 मध्ये चलनातलं एक शून्य काढलं, पण लोकांच्या तोंडून ते अजून गेलेलं नाही. वीस हजार म्हणजे दोन हजार लेक. तेव्हाच्या भावाने 100 लेक म्हणजे साधारण 65 रुपये. नातवाने खात्री करून दिली आणि आजोबांनी हसत मान आडवी हलवली, म्हणजे तिकडच्या रिवाजाने होकार.

मग त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि शिकवणी सुरू झाली. युद्धानंतरची पहिली पदकं युगोस्लाव्हियात, झाग्रेबच्या ‘इकोम’ कारखान्यात तयार झाली. तेव्हा टिटो आणि होजा गळ्यात गळे घालून होते. त्या खेपेची घडण सुबक, मीना काचेसारखा नितळ. 1948 मध्ये टिटोशी बिनसलं आणि ती वाट बंद झाली. नंतरच्या मालात हात फिरवला तरी फरक कळतो. आजोबांनी लाल ताऱ्याचे दोन ‘पार्टिझन स्टार’ (पार्टिझन म्हणजे महायुद्धातले कम्युनिस्ट गनिमी सैनिक) शेजारी ठेवले. एकाच्या कडा धारदार, दुसऱ्याच्या बोथट. खोटं कोणतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, दोन्ही खरी, वर्षं वेगळी.

खोटं ओळखायची युक्ती जगभर सारखीच आहे. ठशावर ठोकलेल्या पदकाची पार्श्वभूमी सपाट आणि घट्ट असते. साच्यात ओतलेल्यावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, आणि ते मापाने किंचित लहान भरतं. मीनाच्या जागी रंग असेल तर सुईच्या टोकाला लगेच कळतं. मी खिशात भिंग आणि छोटा वजनकाटा घेऊनच फिरतो. आजोबांना काटा फार आवडला. त्यांनी त्यावर आपली अंगठीसुद्धा तोलून पाहिली.

स्कंदरबेग आहे का विचारल्यावर ते गप्प राहिले आणि म्हणाले, “क्रुयाला जाऊन या. मग बोलू.”

तिसरा दिवस : क्रुया

तिरानाहून फुर्गोन म्हणजे त्यांची वडाप. भरली की सुटते. फुशे-क्रुयानंतर घाट लागतो आणि वर कड्याला चिकटलेलं गाव दिसतं. याच किल्ल्यावर 28 नोव्हेंबर 1443 ला ग्येर्ग्य कास्त्रियोती ऊर्फ स्कंदरबेगने ऑटोमन चाकरी सोडून स्वतःचं निशाण लावलं. सुलतानांच्या फौजांनी 1450, 1466 आणि 1467 असे तीनदा वेढे घातले, किल्ला पडला नाही. तो पडला 1478 मध्ये, स्कंदरबेग जाऊन दहा वर्षं झाल्यावर. 1912 मध्ये व्लोरा इथे इस्माईल केमालींनी देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं तेही 28 नोव्हेंबरलाच.

किल्ल्यातलं संग्रहालय 1982 चं. वास्तुरचनाकार दोन : पिर्रो वासो आणि प्रान्वेरा होजा. दुसरं नाव हुकूमशहाच्या लेकीचं. इमारत जुन्या किल्ल्याचा भाग असल्याचा आव आणते आणि तो मला काही पटला नाही. आत मात्र माझ्या कामाची गोष्ट होती : शिरस्त्राण. पांढऱ्या धातूचं, सोनेरी पट्टीचं, माथ्यावर शिंगं असलेलं बोकडाचं मुंडकं. वजन सुमारे तीन किलो. क्रुयात आहे ती प्रतिकृती. मूळ शिरस्त्राण आणि तलवार व्हिएन्नाच्या संग्रहालयात. स्वातंत्र्याच्या शताब्दीला, 2012 मध्ये, ती काही आठवड्यांसाठी तिरानाला आणली होती.

हे बोकडाचं डोकं एकदा नजरेत बसलं की ते सगळीकडे दिसतं. झोग 1 सप्टेंबर 1928 ला राजा झाला आणि राजचिन्हावर त्याने हे शिरस्त्राण चढवलं. इटलीने देश घेतल्यावर झेंड्यावरच्या दुतोंडी गरुडाच्या दोन्ही बाजूंना फॅसिस्टांच्या काठ्यांच्या मोळ्या उभ्या केल्या, शिरस्त्राण तसंच ठेवलं. 1944 मध्ये जर्मनांनी मुख्यतः कोसोवोच्या अल्बानियनांची जी एसएस डिव्हिजन उभी केली, तिचंही नाव स्कंदरबेग. आणि ज्या पार्टिझनांनी तिच्याशी झुंज दिली, त्यांच्या सेनानींना पुढल्या वर्षी मिळाला तीन श्रेणींचा स्कंदरबेग.

जुन्या बाजारात लाकडी दुकानांची रांग आहे. एकीकडे मागावर गालिचे विणणाऱ्या बायका, दुसरीकडे पांढऱ्या नमद्याच्या टोप्या. पर्यटकांसाठी पितळी शिरस्त्राणं ढिगाने. पण दोन-तीन दुकानांत आतल्या कपाटात खरा माल होता. एकाने मला मखमली डबी उघडून दाखवली : इटालियन काळातला स्कंदरबेग, घडण अप्रतिम, मीना शाबूत. तिराना आणि रोमच्या दरबारी लोकांना मिरवायला केलेली वस्तू. ती बघून कुठली खंदक-चिखल आठवत नाही. किंमत माझ्या अख्ख्या प्रवासखर्चाएवढी. त्याच कपाटात एसएस डिव्हिजनचं म्हणून एक कॉलरचं कापड होतं, त्यावर तेच शिरस्त्राण. दुकानदार म्हणाला, आजोबांचं आहे. असले आजोबा युरोपातल्या प्रत्येक बाजारात असतात. या कापडाच्या नकला इतक्या आहेत की मी तिकडे बघतही नाही, आणि खरं निघालं तरी ते माझ्या घरात यावं असं मला वाटत नाही.

दुपारी मातीच्या भांड्यात तावे कोसी खाल्लं. दह्यात भाजलेलं मटण. पुढचे दोन तास बाजाराच्या बाकावरून उठलो नाही.

चौथा दिवस : दुर्रस

समुद्रकाठचं गाव, तिरानाहून तासाभरावर. 7 मार्च 1914 ला विल्हेल्म फॉन वीड हा जर्मन राजपुत्र इथे राजा म्हणून उतरला आणि 3 सप्टेंबरला परत गेला. तेवढ्या अवधीत त्याने ‘ऑर्डर ऑफ द ब्लॅक ईगल’ मात्र काढून घेतला. राज्य टिकलं नाही, पदकं लिलावात फिरतात.

व्हेनेशियन बुरुजाजवळ मुयो उलचिनाकूचा पुतळा आहे. 7 एप्रिल 1939 ला इटालियन आरमार आलं तेव्हा मशीनगन घेऊन लढता लढता तो इथे पडला. झोगच्या नौदलातला साधा सार्जंट. राजा राणीला आणि दोन दिवसांच्या बाळाला घेऊन देश सोडत असताना हा धक्क्यावर उभा होता. त्याला ‘हीरो ऑफ द पीपल’ केलं ते राजाचा द्वेष करणाऱ्या कम्युनिस्टांनी. टेकडीवरचा झोगचा व्हिला खालून बघितला, वर चढलो नाही.

पाचवा दिवस : दक्षिणेकडे

तिराना ते जिरोकास्तर, बसने अर्धा दिवस. तेपेलेनाच्या आसपास व्योसा नदीच्या कडेने रस्ता जातो आणि डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. इटलीने 28 ऑक्टोबर 1940 ला ग्रीसवर हल्ला केला तो इथूनच. महिनाभरात ग्रीकांनी उलटा रेटा दिला. 22 नोव्हेंबरला कोर्चा घेतलं, 8 डिसेंबरला जिरोकास्तर. मार्च 1941 मध्ये मुसोलिनी स्वतः इथे आला, आपल्या फौजेची मोठी चढाई डोळ्यांनी बघायला. आठवड्याभरात ती चढाई फसली. इटालियन सैनिकांना त्या हिवाळ्यात गोळ्यांइतकंच हिमदंशाने मारलं, असं म्हणतात ते या डोंगरांकडे बघितल्यावर पटतं. माझ्या पुण्याच्या पदकाचा मालक 1939 च्या सोप्या मोहिमेत इथे आला असणार. पुढच्या वर्षी तो पुन्हा याच रस्त्यावर होता का, हे पदक सांगत नाही.

सहावा दिवस : जिरोकास्तरचा किल्ला

जिरोकास्तर दगडी छपरांचं गाव, 2005 पासून जागतिक वारसा. एन्वर होजा इथलाच, 1908 चा. कादंबरीकार इस्माईल कादारेही इथलेच. सकाळी क्विफ्ची नावाचे पुदिना घातलेले भाताचे गोळे खाल्ले आणि चढायला लागलो. उभा चढ, गुळगुळीत दगड.

किल्ल्याच्या कमानींखाली दोन्ही बाजूंना पकडलेल्या तोफा ओळीने मांडल्या आहेत, इटालियन आणि जर्मन. मध्येच एक छोटा फियाट रणगाडा. शस्त्रसंग्रहालय 1971 मध्ये सुरू झालं. बाहेरच्या तटावर एका अमेरिकन विमानाचा सांगाडा आहे : लॉकहीड टी-33. डिसेंबर 1957 मध्ये ते अल्बानियात उतरलं. अमेरिका म्हणाली वैमानिक वाट चुकला, अल्बानिया म्हणाली हेरगिरी. वैमानिक परत गेला, विमान ठेवून घेतलं. पाऊस-वाऱ्याने त्याची खूण-चिन्हं पार धुऊन नेली आहेत.

इथल्या दालनांत पदकं आहेत, पण मला खरं सापडलं ते खाली बाजारात. एका दुकानात जुन्या छायाचित्रांची पेटी होती. त्यातल्या एका चित्रात सात-आठ लष्करी अधिकारी, छातीवर ताऱ्यांची ओळ. आणि मधल्या एकाचा चेहरा ब्लेडने खरवडलेला. बाकी चित्राला ओरखडाही नाही. दुकानदारीण म्हणाली, “हे असं पुष्कळ येतं.”

तो कोण, हे कळायला मार्ग नाही. पण अशा माणसांची यादी मोठी. पार्टिझनांचं जनरल स्टाफ 10 जुलै 1943 ला लाबिनोत इथे स्थापन झालं, तो दिवस पुढे सेनादिन ठरला. (बरोबर एक वर्षाने, 10 जुलै 1944 ला, इटलीत टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. तारखांच्या नादी लागलेल्या माणसाला असलं काही विसरता येत नाही.) त्या काळचे नायक पुढे एकेक करून खलनायक ठरले. कोची जोजेला 1949 मध्ये मृत्युदंड. संरक्षणमंत्री बेचिर बालुकू, त्यांच्याबरोबर पेट्रित दुमे आणि हितो चाको, 1975 मध्ये गोळ्या घालून ठार. पहिल्या ब्रिगेडचा सेनापती आणि दीर्घकाळ पंतप्रधान असलेला मेहमेत शेहू डिसेंबर 1981 मध्ये मेला. आत्महत्या असं जाहीर झालं, लगोलग तो परदेशी हेर ठरला आणि पुस्तकांतून नाहीसा झाला. ज्याच्या हातून आपल्याला पदक मिळालं तो शत्रू ठरला, तर घरातलं छायाचित्र कुठे ठेवायचं? ब्लेड घेणारा हात शत्रूचाच असेल असं नाही. घर वाचवायला बायकोनेच तो चेहरा खरवडला असेल.

छायाचित्र मी घेतलं. तिने फार भाव केला नाही.

सातवा दिवस : पुन्हा तिराना

सकाळी शहराबाहेरच्या टेकडीवर हुतात्म्यांची दफनभूमी. वर 12 मीटर उंच ‘मदर अल्बानिया’, तीन शिल्पकारांनी मिळून घडवलेली. त्यांतले एक क्रिस्ताच रामा, आजचे पंतप्रधान एदी रामा यांचे वडील. खाली पार्टिझनांच्या सारख्या मापाच्या कबरी, सुमारे 900. चेमाल स्ताफा इथे आहे, 5 मे 1942 ला पडलेला. तो दिवस अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतात. 1985 मध्ये होजालाही इथेच पुरलं होतं. 1992 मध्ये त्याला उचलून शहराच्या साध्या दफनभूमीत हलवलं. किताब काढून घेण्याची ही शेवटची पायरी म्हणायची.

दुपारी आजोबांच्या टेबलाशी. त्यांनी विचारलं, क्रुयाचा स्कंदरबेग घेतला का? नाही म्हटल्यावर नातवाला घरी पिटाळलं. तो कापडाची पिशवी घेऊन आला. आत कम्युनिस्ट काळातला एक स्कंदरबेग, मध्यभागी तोच शिरस्त्राणवाला चेहरा, आणि वेगळा गुंडाळलेला एक ‘पार्टिझन स्टार’, सोबत त्याचं मूळ प्रमाणपत्र.

स्कंदरबेग देखणा होता, पण एकटा. ‘पार्टिझन स्टार’ची कड फुटलेली, फीत मळलेली, त्याचा कागद मात्र बोलत होता. अशा कागदावर आधी देशाचं नाव बघायचं : 1946 पासून ‘जनता प्रजासत्ताक’, डिसेंबर 1976 च्या घटनेनंतर ‘समाजवादी जनता प्रजासत्ताक’. मग सही. हे सन्मान तिथल्या संसदेच्या प्रेसिडियमच्या म्हणजे सर्वोच्च मंडळाच्या हुकमाने दिले जात. 1953 पर्यंत ओमेर निशानी अध्यक्ष, तिथून 1982 पर्यंत हाजी लेशी, मग रामिझ आलिया. सही, देशाचं नाव आणि तारीख एकमेकांशी जुळली नाही तर कागद आणि पदक कुणीतरी नंतर एकत्र आणलेत असं समजावं. या कागदावर निशानींची सही होती, हुकमाचा क्रमांक होता, आणि एका माणसाचं नाव. आजोबा म्हणाले, 1997 मध्ये गुंतवणूक कंपन्या बुडाल्या, घरंच्या घरं धुऊन निघाली, लष्कराची कोठारं लुटली गेली, तेव्हा लोकांनी काय काय विकलं ते विचारू नका. हा ताराही त्याच वर्षी विकायला आलेला.

मी स्कंदरबेग परत दिला आणि कागदासकट तारा घेतला. आजोबांना आश्चर्य वाटलं नाही. भाव त्यांनी आधीच त्या हिशेबाने लावलेला होता. मी पक्की पावती मागितली. 2018 च्या वारसा कायद्यानंतर जुन्या वस्तू देशाबाहेर नेताना परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, आणि पावती नसेल तर विमानतळावर बोलायला तोंड राहत नाही. तारा आणि छायाचित्र घेऊन संध्याकाळी संबंधित कार्यालयात गेलो, दोन्ही वस्तू दाखवल्या, शिक्का घेतला.

मध्यवर्ती सरकारी दप्तरखान्याला अर्ज टाकला आहे : हुकमाचा क्रमांक, तारीख, नाव, आणि ब्रिगेड कोणती ते कळवावं अशी विनंती. अर्ज अल्बानियनमध्ये लिहून दिला तो नातवाने, आणि त्याचे त्याने पाचशे लेक घेतले. नवे.